कुणाचं ऊन जास्त

९ एप्रिल
जेवताना पुन्हा तेच! भिंगरी म्हणाली, "वहिनी, तू नुसती गोलात उभी असतेस. मी दहा हजार मीटर पळते." (नणंदेला हे नाव ठेवणाऱ्याचं कौतुकच करायला हवं. पोरगी एका जागी म्हणून बसत नाही.) नुसती उभी! पायांना जाडजूड पॅड, छातीवर कवच, डोक्यावर हेल्मेट — हॉकीच्या गोलरक्षकाचा घाम वाळतच नाही. आतल्या आत शिजतो माणूस. तेवढ्यात नवऱ्यानं आपलं घोडं दामटलं. त्याच्या बॅडमिंटनच्या हॉलमध्ये म्हणे पंखा लावायची सोय नाही, शटल भरकटतं. "तुम्हाला निदान डोक्यावर आभाळ आहे!" सासूबाई म्हणाल्या, "आधी तिघंही आंघोळी करा. मग बघू कोण जास्त तापलंय ते."

१२ एप्रिल
आज अदलाबदल केली. माझं सगळं भिंगरीनं अंगावर चढवलं. पाचसहा चेंडू अडवले आणि हेल्मेट काढून मटकन बसली. तोंड लालबुंद! "बाई गं, आत भट्टी आहे."

मग मी तिच्यासोबत ट्रॅकवर. खरं सांगायचं तर सुरुवातीला बरं वाटलं — पळताना तोंडावर वारा लागतो. पण तीच तर लबाडी! वाऱ्यामुळे कळतच नाही आपण किती तापलोय. माझ्या खेळात चेंडू पलीकडे गेला की दम खाता येतो. तिला थांबणं म्हणजे हरणं. दोन फेऱ्यांत माझी जीभ टाळ्याला चिकटली. भांडण मिटलंय असं नाही, पण आज दोघींचाही आवाज खाली आलाय.

१७ एप्रिल
४ मेची निवड शर्यत सकाळची होती, ती भर दुपारी ठेवली! का? तर बक्षीस द्यायला येणाऱ्या पाहुण्यांना सकाळी जमत नाही. भिंगरीला शिकवणाऱ्या सरांनी लगेच मान डोलावली. सासूबाई म्हणाल्या, "नको पळूस." ती म्हणाली, "आई, पुढच्या वर्षी माझ्याहून लहान पोरी येतील. आता नाही तर नाहीच."

१८ एप्रिल
दुपारचा सराव सुरू. ती पायी, मी सायकलवर पाणी घेऊन. आज थोडंच. अंगाला उन्हाची सवय हळूहळू लावावी लागते.

२६ एप्रिल
छान पळतेय. बनियनवर मिठाचे पांढरे नकाशे उमटतात. मला म्हणाली, "वहिनी, तू सायकलवर एवढी का धापा टाकतेस?" आगाऊ!

४ मे
काय करून बसले मी?

शर्यतीत भिंगरी दुसऱ्या नंबरवर होती. पहिल्या तिघी निवडल्या जाणार. मी, नवरा, सासूबाई, तिघं कठड्याशी. शेवटी शेवटी तिची मान एका बाजूला कलली. पाऊल रेघेबाहेर पडायला लागलं. हाक मारली तर बघितलं माझ्याकडे — पण मला नाही. माझ्यामागे कुणी उभं असावं तसं. आणि दंडावर काटा! त्या उन्हात! तो काटा मला माहीत आहे. एकदा सामन्यात पॅडच्या आत मला अशीच थंडी भरली होती, आणि समोर आपल्या कोण नि त्यांच्या कोण तेच कळेना.

पळणाऱ्याला बाहेरच्या कुणी हात लावला की तो शर्यतीतून बाद. नियम मला ठाऊक होता. पंच ओरडला, "बाई, मागे व्हा!" मी कठड्यावरून उडी मारली आणि तिला कवटाळलं. तिनं मला ढकललं. पाय तसेच चालू. नवरा धावत आला. बाटल्या गार करायला ठेवलेल्या बर्फाच्या टबात दोघांनी तिला बुटांसकट बसवलं.

एकच फेरी उरली होती.

५ मे
दवाखान्यात पोचेपर्यंत काल अंग निवलं होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गार केलंत ते बरं केलंत. आता ठीक आहे." एवढंच. आज सर आले. खाटेशी उभं राहून म्हणाले, "शेवटी सगळ्यांचेच पाय अडखळतात. एक फेरी तर होती!" भिंगरीनं भिंतीकडे तोंड फिरवलं.

६ मे
घरी आली. माझ्याशी बोलत नाही. "मी ठीक होते," एवढंच म्हणाली. तेही आईला.

८ मे
नवरा म्हणाला, "तुझं चुकलं असं मी म्हणत नाही..." आणि 'पण' गिळला. मला तो गिळलेलाही ऐकू आला!

सरावाला गेलेच नाही. दुपारी बघते तर सासूबाईंनी माझे पॅड पुसून उन्हात ठेवलेले. मला रडू फुटलं. त्या म्हणाल्या, "रागावलीय ना ती? रागावू दे. घरात आहे, रागावतेय." पाठीवरून हात फिरवत राहिल्या. तरी डोक्यातून जात नाही — ती खरंच ठीक असली तर?

१० मे
सकाळी ओट्याशी होते. भिंगरी मागे येऊन उभी राहिली. हळूच म्हणाली, "वहिनी, कुणाला सांगू नकोस. सुरुवातीची बंदूक आठवते. मग एकदम दवाखान्याचा पंखा. मधलं काहीच नाही. तू धरलंस तेही नाही."

"मग माझ्यावर रागावलीस कशी?"

"सर म्हणाले मी ठीक होते, म्हणून."