पदरात घेतलेलं इष्टलिंग

अप्पा, चाकूरच्या आपल्या घरात दिवेलागणीला तुम्ही गळ्यातलं इष्टलिंग काढायचात, डोळ्यांना लावायचात आणि आईपुढं धरायचात. आई हातावर पदर पसरून ते घ्यायची, कोनाड्यात ठेवून दिवा लावायची. कुणी विचारलं तर आम्ही पोरांनी एवढंच सांगायचं, अप्पा बाहेर गेलेत. देव अंगावर असताना तसल्या ठिकाणी जायचं नाही, ही तुमची श्रद्धा; आणि तो देव सांभाळायचा, हा आईचा धर्म. लिंग जन्मात अंगावेगळं करू नये, हे तुम्हा दोघांनाही माहीत होतं. त्या पदरानं तुमचं जाणं सोपं केलं, हे मात्र मला फार उशिरा उमगलं.

दिवसाचे तुम्ही वेगळेच होतात. मॅट्रिकच्या परीक्षेला सायकलवर मागं बसवून मला नेलंत, आणि पास झाल्यावर आपल्या दुकानाची वही पुढं सरकवून म्हणालात, "आता मुनीम तूच. मला बी उधारी देऊ नको." ते हसणं अजून कानात आहे. मग तुमचे डोळे पिवळे झाले, पाय सुजले, पोटात पाणी भरलं. लातूरच्या दवाखान्यात शेवटी तुम्ही छातीवर हात फिरवून काहीतरी शोधताय, आणि लिंग तिकडं गावी कोनाड्यात. आपल्या लिंगायतांच्या रीतीनं समाधीत बसवून पुरताना आईनं ते तुमच्या तळहातावर ठेवलं.

आज सोमवार. इथं नांदेडला माझा मुलगा कामावरून लवकर आला. लिव्हरला सूज आहे, पिणं थांबव, असं डॉक्टरांनी त्याला तोंडावर सांगितलंय. तरी आंघोळ झाल्यावर त्यानं गळ्यातलं लिंग काढलं, डोळ्यांना लावलं आणि बायकोपुढं धरलं. त्या पोरीनं पदर पसरला. तिला कुणी शिकवलं नव्हतं. मी लाटणं टाकून उठले.

"हात मागं घे, सूनबाई."

"आत्याबाई, देव खाली पडंल की!"

"ज्याचा देव त्यानं धरावा."

तो चिडला. "मग देवाला घेऊन दारूच्या दुकानात जाऊ का?"

"जा की. गळ्यात घालून जा. त्याला बी दिसू दे, तू काय करून राहिलास ते."

"आज्जी तर आजोबांना कधी एका शब्दानं बोलली न्हाई."

"हाव, न्हाई बोलली. म्हणून तर तू तुझा आजोबा बघितला न्हाईस."

त्यानं लिंग मुठीत आवळलं. मग गळ्यात घालून बाहेर पायरीवर जाऊन बसला. अजून तिथंच आहे. जात नाही, आतही येत नाही. उद्या सकाळी मी त्याला व्यसनमुक्तीच्या डॉक्टरांकडं नेणार आहे. त्याचे हात थरथरतील, झोप उडेल, मला वाट्टेल ते बोलेल. बोलू दे. सुनेला मी बजावलंय, त्याचा देव आपण हातात घ्यायचा नाही, आणि बाहेर गेलेत असं कुणाला सांगायचंही नाही.

हे पत्र कुठं टाकणार? पण एक वाक्य लिहायचंच होतं. अप्पा, तुम्ही दारूनं गेलात. आपल्या घरात हे कुणी कधी बोललं नाही. मी आज लिहिलं, आणि आई जाऊन इतकी वर्षं झाली तरी, तिच्या नजरेला पडू नये म्हणून कागद पटकन पालथा केला.