पैठणीच्या खेळाची हजेरी

॥ श्री नागनाथ प्रसन्न ॥

मु. बोरमाळ, पो. डोंगरकडा
११ जून २००६

चि. अंगदला अनुसयाअक्काचा पोटभर आशीर्वाद.

इकडं बा, मी आन् आपली साठ मेंढरं खुशाल हाओत. तुझी खुशाली तुझ्या साहेबाच्या खुशालीवर, म्हणून आधी त्यांचीच इचारते. फोन काहून करत न्हाईस असं लिहू नको. त्या डब्ब्यात रुपया टाकला की अर्धा येळ हॅलो हॅलो करण्यात जातो आन् मनातलं सांगायला घेतलं की कट. कागदावर कसं, मला पायजे तेवढं बोलता येतं.

लाईट दिवसभर नसती. पण साडेआठला येती आन् अख्खी आळी जनकाबाईच्या टीव्हीपुढं. सिरीयलमधली सून शिमग्यात मेली होती, ती आता नवं तोंड करून परत आली. घरच्या एकालाबी ती वळखू आली न्हाई, म्हणून बाया हळहळून राहिल्या. मला काही नवल वाटलं न्हाई. तुझे साहेब तीन वर्सांत दोन पक्ष फिरून आले, आन् आपण दर खेपंला नवा पाहुणा म्हणून हार घातला.

मागल्या शुक्रवारी साहेब गावात येऊन गेले. सरपंच जनकाबाई, पण तिचा नवरा पुंजाजी हाच खरा सरपंच, ते तुला ठाऊकच हाय. त्यानं साहेबाला पिवळा फेटा बांधला, खांद्यावर घोंगडी टाकली, हातात काठी दिली. घोंगडी आपल्या बाची. ती टोचायली म्हणून साहेब सारखा खांदा उडवत होते, आन् माइकात म्हणत होते की मी बी मेंढपाळाचाच लेक. मंग फोटोपुरतं काखेत कोकरू दिलं. ते त्यांच्या पांढऱ्या शर्टावर मुतलं. साऱ्या सभेत खरं तेवढंच झालं.

आता कामाचं. जाता जाता साहेबानं गायरानाकडं हात केला आन् म्हणले, इथं आपल्या संस्थेचं कॉलेज काढू. पोरं टाळ्या वाजवून राहिले. बानं त्या दिवसापून धड भाकर खाल्ली न्हाई. तुला का सांगायला पायजे? पेरणी झाली की सुगी होईस्तोवर कुणी मेंढरांना शेतात पाय ठेवू देत न्हाई. ते चार महिने आपली मेंढरं गायरानावरच जगतात. गायरान गेलं की मेंढरं गेली, आन् मेंढरं गेली की बा कशाला जगंल? तू त्यांच्या हापिसात टाइप करतोस. खरं काय ते काढून कळव.

माया पातळ होऊ देऊ नको, हेच मागणं.
तुझी अक्का, अनुसया

---

आमदार निवास, मुंबई
२७ जून २००६

ती. अक्कास धाकट्या अंगदचा वाकून नमस्कार. बाच्या पायावर डोकं.

तुझ्या पत्रातलं कोकराचं वाचून मी एकटाच हसत बसलो. आमच्या मजल्यावर सध्या राज्यकारभार बंद आहे. टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेत आपल्या मराठवाड्याचा एक पोरगा आहे, त्याला निवडून आणायचं म्हणून साहेबांनी सगळ्या कार्यकर्त्यांना एसएमएस करायला बसवलंय. अक्का, इतक्या मनापासून केलेलं मतदान मी या इमारतीत पहिल्यांदा पाहिलं.

माझं म्हणशील तर भाषणं टाइप करतो. भाषण एकच असतं, मधली एक ओळ बदलायची. कळमनुरीत साहेब मेंढपाळाचे लेक होतात, कनेरगाव नाक्याला ढाब्यावर कपबशा धुतलेले आणि औंढ्याला नागनाथाचे सेवक. परवा घाईत दोन कागद बदलले आणि साहेबांनी औंढ्यात देवळासमोर कपबशा धुतल्या. तरी टाळ्या पडल्याच.

गायरानाचं विचारलं. साहेब हसले आणि म्हणाले, तुझ्या बाला सांग, घोर करू नको. कायद्यानं गावाच्या ठरावाशिवाय तिथला एक दगडही हलत नाही. त्याच्याही आधी बायांची वेगळी सभा घ्यावी लागते, असा नियम निघालाय. तुमच्या बाया असा ठराव देतील का? नाही ना? मग बाला दोन घास खायला लाव.

दुसरी बातमी. साहेबांच्या वाढदिवसाला, १४ ऑगस्टला, गावोगाव टीव्हीवरच्यासारखा पैठणीचा खेळ ठेवलाय. बोरमाळलाही आहे. तू जा. सारखी आठ्या घालून बसू नको, तुझंही एखादा दिवस हसायचं वय आहे.

आहे ती माया तशीच ठेव.
तुझा अंगद

---

बोरमाळ
१७ ऑगस्ट २००६

चि. अंगदला आशीर्वाद, आन् आज जरा जास्तीचे.

चार दिवस नावं ठेवली आन् पाचव्या दिवशी इरकली लुगडं नेसून मीच पुढं. नांदेडहून एक गडी आला होता, टीव्हीतल्यासारखा पोशाख केलेला. घराघरात भांडणं लावल्यासारखं गोड बोलायचा आन् सत्तर वर्सांच्या म्हातारीला बी वहिनी म्हणायचा. बाया उखाणे घेऊन, फुगे फोडून दमल्या. मी डोक्यावर तांब्या ठेवून चालले आन् पडू दिला न्हाई. हसू नको, मला डबा मिळाला, स्टीलचा. पैठणी जनकाबाईला. ती कुणाला मिळणार हे खेळाच्या आधी समद्या गावाला ठाऊक होतं, तरी बाया श्वास धरून बसल्या होत्या. इलेक्शनमधी बी आपलं असंच असतं.

मला मात्र मान मिळाला बरं का. दारात नाव लिहून कुपन द्यायचं होतं. ग्रामसेवक म्हणले, अंगणवाडीच्या ताई, तुमचं अक्षर मोत्यावानी हाय, तुमीच लिहा. एकशे बारा बायांची नावं लिहिली. जिला सही येत न्हाई तिचं बोट धरून अंगठा उमटवला. पयल्या पानावर वरली जागा मोकळी होती. म्हणले, कार्यक्रमाचं नाव मागून टाकू.

आन् ऐक, पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत गायरानाचं नाव बी निघालं न्हाई! बा पयल्या ओळीत काठी रोवून बसला होता. ग्रामसेवकानं मागल्या सभांचं इतिवृत्त कायम करायचं का म्हणून इचारलं, दर सालासारखे समद्यांनी हात वर केले, जिलेबी वाटली, झालं. बानं रात्री दोन भाकरी खाल्ल्या. मी उगंच राजकारणाला शिव्या देत असते बग.

अशीच याद ठेव.
तुझी डबेवाली अक्का

---

मुंबई
५ सप्टेंबर २००६

ती. अक्कास नमस्कार.

घाईत लिहितो. ती नावांची वही आता कुणाकडे आहे? वरच्या मोकळ्या जागेत खरंच काहीच नव्हतं का? नीट आठवून कळव. अजून कुणाला काही बोलू नको, बाला तर मुळीच नाही.

अंगद

---

बोरमाळ
२२ नोव्हेंबर २००६

चि. अंगद यास आशीर्वाद.

तुझ्या चिठ्ठीला जबाब दिला न्हाई, कारण मला ती कळलीच न्हाई. म्हणलं साहेबाला नावं पायजे असतील. आता कळली.

पोळा झाल्यावर चावडीवर कागद लागला. गायरानाची बारा एकर जागा संस्थेला द्यायची, कुणाची हरकत असल तर सांगा. समद्यात वर लिहिलेलं, की १४ ऑगस्टच्या महिला ग्रामसभेत एकशे बारा बायांनी एकमतानं ठराव दिला. आन् दुसऱ्या दिवशीच्या सभेत तो कायम झाला.

चाळीस बाया टेम्पोत घालून मी हिंगोलीला नेल्या. जिल्हा होऊन सात वर्सं झाली, परभणीचे हेलपाटे हिंगोलीत आले, तेवढाच आपला इकास. पयल्या दिवशी कलेक्टर हापिसातले सायब मीटिंगला. दुसऱ्या खेपंला भेटले. आमी म्हणलं, सभा झालीच न्हाई, तो तर पैठणीचा खेळ होता. त्यांनी वही काढून माझ्यापुढं ठेवली. मोकळ्या जागेत आता सुबक छापलेलं होतं, विषय, ठराव, समदं. त्याखाली एकशे बारा नावं. सायबानं इचारलं, हे अक्षर कुणाचं? मी म्हणलं, माझं. ते म्हणले, मंग बाई, तुमी तक्रार कुणाची करून राहिल्या?

अंगद, मला जमीन फाटून आत घेईल तर बरं असं झालं. जनकाबाई तिथंच रडायला लागली. तिची सही पुंजाजी करतो, तिला ठराव म्हणजे काय ते बी ठाव न्हाई. येताना टेम्पोत माझ्याजवळ कुणी बसलं न्हाई. ज्या म्हाताऱ्यांची बोटं मी धरली होती त्या माझ्याकडं बगत नव्हत्या. इतकी वर्सं मी समद्या गावाला हसले, सिरीयलला, साहेबाला, पुंजाजीला. आन् गायरान गेलं ते माझ्या अक्षरात.

बाला मी सांगितलं. तो उठला. मेंढरं घेऊन गेला आन् अंधार पडल्यावर आला.

आता एकच इचारते. सप्टेंबरात तू वहीचं काहून इचारलंस? तुला कशानं कळलं?

अनुसया

---

मुंबई
९ डिसेंबर २००६

ती. अक्कास शिरसाष्टांग नमस्कार.

खरं लिहितो. ठरावाचा मसुदा जूनमध्ये मीच टाइप केला. तुझं पहिलं पत्र यायच्या आधी. नावांची जागा मोकळी ठेवायला सांगितली होती. मला वाटलं, बाया सह्या देणार नाहीत आणि कागद फायलीत कुजेल. इथं असे शेकडो कुजतात. सह्या अशा घेतील हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं, नागनाथाची शपथ. तुझं ऑगस्टचं पत्र वाचताना कळलं.

त्याच दिवशी कलेक्टरांना एक अर्ज टाकला असता तर कदाचित थांबलं असतं. मी लिहिलाही होता. मग फाडला.

का, ते ऐक. नऊ वर्षं झाली इथं. ना नेमणुकीचा कागद, ना घर. सतरंजीवर झोपतो. एकतिसावं लागलं, तीन ठिकाणी सोयरीक मोडली, कारण पोरगा करतो काय याला उत्तर नाही. कॉलेज झालं की त्यात क्लार्कची कायम जागा द्यायचं साहेबांनी कबूल केलंय. मला घरी यायचंय, अक्का. बाजवळ राहायचंय. मी स्वतःलाच सांगितलं, गायरान आज नाही तर उद्या जाणारच, आपण नाही म्हटलं तरी दुसऱ्या कुणाचा पोरगा क्लार्क होईल.

बासाठीही शब्द टाकलाय. आवाराला राखणदार लागणार आहे. बाला ऊन-पाऊस फिरायचं वय राहिलं नाही, त्याला बसून काम होईल.

शिव्या दे, पण पत्र बंद करू नको.
अंगद

---

बोरमाळ
३ ऑगस्ट २००७

चि. अंगद यास.

आठ महिने लिहिलं न्हाई. हात उचलत नव्हता. आज लिहिते, कारण तू पंधरा तारखेला रुजू होणार असं पुंजाजी सांगून राहिला.

सरकारी काम इतक्या झटक्यात होतं हे आमी जन्मात पयल्यांदा पाह्यलं. फागुनात तारेचं कुंपण आलं. कॉलेज म्हणजे अजून पत्र्याच्या दोन खोल्या, पण फाटक असं की खाली बैलगाडी उभी राहील, आन् त्यावर तुझ्या साहेबाचा फोटो, घोंगडी पांघरलेला.

पेरणी जवळ आली तशी बानं मेंढरं इकली. चाळीस कळमनुरीच्या बाजारात गेली. वीस गावातल्याच भिवाजी मेंढपाळानं घेतली. त्याला सासरवाडीच्या माळावर थोडी जागा मिळत होती, ती बी आता बंद झाली म्हणतो. ज्या दिवशी मेंढरं गेली त्या दिवशी बा उठून मेंढरं कोंडायच्या रिकाम्या वाघुरीत दोन घंटे उभा होता. मंग आपणच ती जाळी सोडली, गुंडाळली आन् माळ्यावर टाकली.

राखणदाराचं मी त्याला सांगणार नव्हते. त्यानंच पुंजाजीकडून ऐकलं. मी लई भांडले. तो म्हणला, दुसरं काय काम येतं मला? तिथं बसलो तर माळ तरी दिसंल. एक जुलैपासून जातो. खाकी सदरा दिलाय, बाह्या लांब हाईत. काम एकच, आत जनावर येऊ द्यायचं न्हाई.

परवा भिवाजीची मेंढरं तारेखालून आत घुसली. त्या बिचाऱ्यानं बी ती न्यावी कुठं? पत्र्याच्या खोलीतून संस्थेचा माणूस बावर वरडला. बानं मेंढरं हुसकायला आवाज दिला. अंगद, ती त्याचीच मेंढरं होती. आवाज ऐकल्याबराबर पळायची सोडून समदी त्याच्याकडं धावत आली आन् त्याच्या पायाशी कोंडाळं करून उभी राहिली. मी अंगणवाडीच्या दारातून बगत होते. संस्थेचा माणूस हसायला लागला. मंग बानं दगड उचलले. एकेकाला नेम धरून मारले. पाच-सहा दगड खाल्ल्यावर ती बाहेर गेली.

घरी आल्यावर मी ताट वाढलं. जेवला. म्हणला, आता येणार न्हाईत ती.

तू पंधराला येशील तवा फाटकावर बाच असंल. त्याला संस्थेनं सांगून ठेवलंय, हापिसातलं माणूस दिसलं की उठून सलाम करायचा. काल दुपारी मी पाणी घेऊन गेले तर तो एकटाच उठबस करून सलाम शिकत होता. मी म्हणलं, बा, अंगदला तरी करू नको. तर म्हणला, करावं लागंल, पोरगं नवीन हाय, त्याची नोकरी जाईल.

तवा तू तो सलाम घे. मान खाली घालू नको, रडू नको, पाया पडू नको. तिथं समदे बगतात. क्लार्क घेतो तसा घे आन् आत जा.

लोभाचं काय लिहावं ते यंदा सुचलं न्हाई.
अनुसया