दोन डॅक आणि एक सोलापुरी चादर

॥ श्री सिद्धरामेश्वर प्रसन्न ॥

सोलापूर,
६ जानेवारी २०२६

चि. भुवनेश्वरीस मामाचे अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व क्षेम. फोन केला की तू हो मामा, हो मामा म्हणतेस आणि दुसऱ्या दिवशी विसरतेस. म्हणून दुकानाच्या लेटरहेडवर लिहितो आहे. कागद टेबलावर पडून राहिला की तुला उत्तर द्यावंच लागेल.

नव्या पेठेतलं दुकान चिरंजीव शिवूच्या हाती दिल्यापासून तुझा मामा दिवसभर गाणी ऐकतो. माझा डॅक तुला आठवत असेल. सीडीवरच्या आकड्यांचं गाणं करून देणारी ती जड काळी पेटी. लहानपणी तू तिच्यावर बसून दूध प्यायचीस आणि मी ओरडायचो. दर रविवारी दुपारी आबासाहेब आणि मथुरावहिनी यायचे, आम्ही चौघं गाणी ऐकायचो, चहा व्हायचा. वर्षानुवर्षांचा नेम होता.

दिवाळीत आबासाहेबांनी नवा डॅक घेतला. साबणाच्या डबीएवढा आहे. एवढ्यावर थांबले असते तर ठीक होतं. माझ्या घरी, माझ्याच खुर्चीत बसून म्हणाले की चनमल्लप्पा, तुमच्या पेटीतून ऐकलं की गायकाच्या तोंडावर गोणपाट टाकल्यासारखं वाटतं. मीही म्हणालो की तुमची डबी म्हणजे बिनतेलाची शेंगाचटणी, सगळं दिसतं पण चव नाही. ते उठले, वहिनींना चला म्हणाले आणि चहा न घेताच गेले. तेव्हापासून त्यांचं येणं नाही आणि माझं बोलावणं नाही.

तू स्पीकर बनवणाऱ्या कंपनीत इंजिनीअर आहेस. तूच सांग, जुना डॅक चांगला की नवा? माझी बाजू घे असं मी मुळीच म्हणत नाही. फक्त विचार करून लिही.

मामाचा लोभ तुला पाठच आहे. तुझा अधूनमधून पत्रातून कळू दे.

तुझा मामा,
चनमल्लप्पा

---

सोलापूर,
८ जानेवारी २०२६

चि. भुवी, मामीचे आशीर्वाद.

मामांचं पत्र पोस्टात टाकायला माझ्याकडेच आलं होतं. पाकीट उघडं होतं, वाचलं. त्यात एक गोष्ट राहिली की गं. हे दोघं भांडले, पण तुटलं आमचं. मथुराबाईंशी मी रविवारी जे बोलायची ते दुसऱ्या कोणाशी बोलता येत नाही. आता आम्ही दोघी मंगळवारी भाजी मंडईत भेटतो. नवऱ्यांना सांगायची चोरी, म्हणून दोडके निवडत निवडत बोलायचं. भाजीवाली निंगव्वा विचारते की अक्का, एवढे दोडके कोण खातं? घरी मामाही तेच विचारतात.

मथुराबाई मूळच्या मोडनिंबच्या, बोलायला एकदम मोकळ्या. त्या म्हणाल्या की आमचं मालक घरी येकटंच गाणं ऐकत्यात, पन मधीच बंद करून खिडकीत जाऊन हुबं ऱ्हात्यात. इकडे तुझे मामा चांगला आलाप आला की अजूनही शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून मान हलवतात. मला बघवत नाही.

मी कालच यांना साकु म्हटलं, म्हणजे आता पुरे करा. ते म्हणाले की पहिलं पाऊल मी टाकणार नाही, तो प्रश्न तत्त्वाचा आहे. तर तू असं काहीतरी शास्त्र काढ की आबासाहेबांना आमच्या घरी यावंच लागेल. जुना-नवा काय ते नंतर बघू.

गड्ड्याच्या जत्रेला येणार असलीस तर कळव. तुझ्यासाठी कडक भाकरी बांधून ठेवते.

माया आहेच, ती काय लिहायची.

मामी रत्नम्मा

---

पुणे,
१४ जानेवारी २०२६

ती. मामांस शरणु शरणार्थी आणि साष्टांग नमस्कार. ती. मामींनाही नमस्कार. वि. वि.

पत्र टेबलावर ठेवलं आणि खरंच रोज माझ्याकडे बघत बसलं. जत्रेला रजा मिळाली नाही, राग मानू नये.

तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर तुम्हा दोघांनाही आवडणार नाही. यंत्रावर मोजलं तर आजचा बरा नवा डॅक जुन्यापेक्षा स्वच्छ निघतो आणि स्वस्तही पडतो. शिवाय त्याला मोबाईल किंवा कॉम्प्युटर सरळ जोडता येतो, तुमच्या पेटीला तो जोडायची सोयच नाही. पण जुनी चांगली पेटीही तिच्या काळात नीटच बनवलेली आहे. दोघांतला फरक बहुतेक वेळा एवढा बारीक असतो की यंत्राला दिसतो, कानाला कळत नाही.

मग तुम्हाला दोघांना एवढा फरक कसा ऐकू येतो? एक तर डोळ्यांना दिसत असतं की कोणती पेटी चालू आहे. दुसरं म्हणजे एकाचा आवाज किंचित मोठा असतो, आणि जो मोठा तो आपल्याला चांगला वाटतो. आमच्या ऑफिसातले लोकसुद्धा यात फसतात.

म्हणून परीक्षा घ्यावी लागेल. दोन्ही डॅक एकाच ठिकाणी, एकाच अॅम्प्लिफायरला, त्याच स्पीकरवर. शिवूने मीटर लावून दोघांचा आवाज सारखा करावा. मध्ये पडदा टाकावा आणि पडद्यामागून दुसऱ्या कोणीतरी न सांगता पेटी बदलावी. ऐकणारे दोघेही समोर हवेत. एकट्याने घेतलेली परीक्षा आम्ही धरत नाही. याच मजकुराचं पत्र मी आबाकाकांनाही टाकलं आहे.

तुमच्या रागावण्यातही मला गोडी वाटते, तेव्हा खुशाल रागवा.

तुमची भाची,
भुवनेश्वरी

---

सोलापूर,
२६ जानेवारी २०२६

चि. भुवी, अनेक आशीर्वाद.

अगं, काल इतकं हसलो की आज माझ्या बरगड्या दुखतात.

तुझं पत्र आल्यावर मामांनी ते दोन दिवस खिशात बाळगलं. मग शिवूकडून निरोप धाडला की केवळ शास्त्रीय कारणासाठी डबी पाठवून द्यावी. आबासाहेबांचा उलटा निरोप आला की डबी मालकाशिवाय घराबाहेर पडत नाही. मामा म्हणाले की मग मालकालाही आणा. आणि गडी लगेच आंघोळीला गेला!

रविवारी दोघं आले. पुरुषांनी एकमेकांना नमस्कार केला, बँकेत करतात तसा. शिवूने मीटर लावलं. खरंच गं, डबीचा आवाज पेटीपेक्षा थोडा मोठाच होता. तो सारखा करून, बटण कुठं फिरवायचं ते दाखवून शिवू दुकानात गेला. पडदा म्हणून मी मोरांची सोलापुरी डबल चादर दोरीवर टाकली. चादरीमागं मी आणि मथुराबाई.

पहिलं गाणं लागलं. मथुराबाईंनी मला हळूच त्यांच्या वैजयंतीला स्थळ आल्याचं सांगितलं. मुलगा बार्शीचा, शिक्षक. मी विचारलं की मुलाची आई कशी आहे. त्यांनी सगळं सांगितलं. मग माझ्या गुडघ्याचं निघालं, मग माझ्या बहिणीच्या, दानम्माच्या, सुनेचं. चादरीपलीकडं हे दोघं रंगात आले होते. आबासाहेब म्हणायचे की ही बघा डबी, तबल्याची शाई दिसते. मामा म्हणायचे की थांबा, आता पेटी आली, आवाज कसा भरला. मध्ये तर दोघं एकदम म्हणाले की बदललं, आता बदललं!

शेवटी मामांनी निकाल विचारला. मी मथुराबाईंकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे. बटणाला आम्ही हातच लावला नव्हता! सगळा वेळ एकच पेटी चालू होती. मथुराबाई चादर बाजूला करून सरळ म्हणाल्या की आवो, आमी इसरलोच की.

मला वाटलं, आता चप्पल शोधतील. आबासाहेबांनी तुझ्या मामांकडे बघितलं आणि म्हणाले की चनमल्लप्पा, शाई दिसली होती हो मला. मग जे हसायला लागले दोघं, खुर्चीतून घसरायचे राहिले. मामांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मग हसणं थांबलं तरी पाणी थांबेना. आबासाहेबांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला, आणि मी चहा टाकायला उठले.

तू शास्त्र काढलंस, बाळ. सुखी राहा.

मामी रत्नम्मा

---

पुणे,
१ फेब्रुवारी २०२६

ती. मामा-मामींस सा. न. वि. वि.

मामींचं पत्र मी ऑफिसात मोठ्याने वाचून दाखवलं. आमचे साहेब म्हणाले की अशी परीक्षा आपणही घ्यायला हवी, पेटी न बदलता.

पण मामा, परीक्षा अर्धीच झाली. आता शिवूला बसवून खरंच बदलून बघा. आणि गाणं थांबल्यावरची शांतता जरूर ऐका. जुन्या पेटीतले कंडेन्सर वर्षं गेली की वाळतात, मग बारीक गुणगुण येते. तशी असेल तर पेटी दुरुस्तीला टाका, टाकून देऊ नका.

वैजयंतीच्या स्थळाचं पुढे काय झालं ते मामींनी सविस्तर लिहावं, नाहीतर माझा जीव टांगणीला राहील. ममता आहे तशीच ठेवा.

तुमची,
भुवनेश्वरी

---

॥ श्री सिद्धरामेश्वर प्रसन्न ॥

सोलापूर,
२३ फेब्रुवारी २०२६

चि. भुवनेश्वरीस मामाचे उत्तम आशीर्वाद.

दुसरी परीक्षा झाली. शिवूने बटण फिरवलं, बायकांना चादरीपासून लांब बसवलं होतं. गाणं चालू असताना मला काही ओळखता आलं नाही, आबासाहेबांनाही नाही. पण गाणं थांबलं की माझ्या पेटीतून गुणगुण यायची. ती मला एक-दोन वर्षं ऐकू येत होती. मी पंख्याला दोष देत होतो, पंखा दोनदा उघडवला. पेटी म्हातारी झाली हे मनाला पटवून घ्यायचं नव्हतं, एवढंच.

पेटी दुरुस्तीला दिली. मिस्त्री म्हणाला की कंडेन्सर बाहेरून मागवावे लागतील, वेळ लागेल. त्या संध्याकाळी मी घरी नुसता बसून होतो. दारात रिक्षा थांबली, आबासाहेब आत आले, खिशातून डबी काढली, तारा जोडल्या आणि म्हणाले की तुमच्याकडे माणसं येतात, घर मुकं राहायला नको. त्यांच्या घरी काय, असं विचारलं तर म्हणाले की रेडिओ आहे. मथुरावहिनींनी नंतर रत्नम्माला सांगितलं की रेडिओ कधीचा बंद पडलाय. तोवर तो माणूस गाण्याशिवाय राहिला होता आणि मला एका शब्दाने बोलला नाही.

परवा पेटी दुरुस्त होऊन आली. गुणगुण गेली. मी ती घरी आणलीच नाही. मिस्त्रीकडून रिक्षा सरळ आबासाहेबांच्या दारात नेली. त्यांच्याकडे सीडी माझ्यापेक्षा जास्त आहेत, आणि माझ्याकडे आता नात मोबाईलवरून गाणी लावते, तिला डबीच सोयीची. ते नको नको म्हणाले. मी म्हणालो की आता तुमच्या घरी पेटी आणि माझ्या घरी डबी, निकाल लागला.

निकाल कसला! काल रविवारी आबासाहेब आले आणि चहाचा कप खाली ठेवायच्या आत सुरू झाले की चनमल्लप्पा, जुन्या पेटीचा आवाज कसा भरदार, या नव्या डब्यांना तो येत नाही. मी म्हणालो की काहीतरीच काय, नव्याची स्वच्छता कुठं आणि तुमची पेटी कुठं. दोघांचे आवाज चढले. बायकांचं तिकडे लक्षच नव्हतं. बार्शीकरांचा होकार आला आहे आणि त्या साड्यांचे रंग ठरवत होत्या. तास दीड तास आम्ही भांडलो. मग आबासाहेबांना भूक लागली आणि ते रात्री जेवूनच गेले.

लग्न वैशाखात आहे. रजा आताच टाक. तुझ्यावर जीव आहे म्हणून हक्काने सांगतो.

तुझा मामा,
चनमल्लप्पा