उलट्या जोडलेल्या नळ्या

३ मार्च

आज वर्कशॉपमध्ये आला होता. माझा धाकटा भाऊ, क्लबचा लाडका वैमानिक! "ताई, स्पर्धा तोंडावर आलीये. माझ्या ग्लायडरचे नवे मीटर तूच बसव. दुसऱ्या कुणावर माझा भरवसा नाही."

कसा गोड बोलतो मेला. त्या दिवशी कुठे गेला होता भरवसा? दोघं बसलो होतो, उतरताना ग्लायडर आपटलं ह्याने, आणि क्लबच्या प्रमुखांना सांगितलं, "ताई चालवत होती." बाबांनीही त्याचीच री ओढली. माझं उडणं बंद झालं ते झालंच. मी खाली पाने-पक्कड घेऊन, आणि हा वर ढगांत.

"हो" म्हटलं. हसून म्हटलं.

५ मार्च

वेग, उंची, चढ-उतार — तिन्ही मीटर बसवले. बाहेरची हवा तिघांना एकाच नळीतून मिळते, मागे फाटे फोडून. वेगाच्या नि उंचीच्या फाट्याला हात लावला नाही. तिथे गडबड म्हणजे जिवाशी खेळ. मला त्याचा जीव नकोय. फजिती हवीय, सगळ्या क्लबसमोर, माझी झाली तशी.

चढ-उताराच्या मीटरला मागे दोन तोंडं असतात. एकात ही सामाईक नळी, दुसऱ्यात हवेच्या बाटलीची. मी अदलाबदल करून टाकली. झालं! आता ग्लायडर वर चढेल तेव्हा काटा खाली पडेल. ग्लायडरला इंजिन नसतं, वर नेणाऱ्या हवेवरच तरंगायचं. ती सापडली की हा पठ्ठ्या सोडून पळणार, आणि खाली ओढणाऱ्या हवेत घिरट्या घालत बसणार. शेवटचा येऊ दे. सगळ्यांत शेवटचा.

६ मार्च

गाढ झोपले. कित्येक दिवसांनी.

८ मार्च

आईचा फोन. "दोघं परत एकत्र काम करताय म्हणे. बरं वाटलं गं." मी विषय बदलला.

१० मार्च

स्पर्धेआधीची तपासणी. एरवी वेग आणि उंची बघून सही ठोकतात. यंदाच्या तपासनीस बाई नव्या. त्यांनी सामाईक नळीतून हलकेच हवा ओढली, म्हणजे मीटरना वाटावं ग्लायडर वर चढतंय. उंचीचा काटा वर गेला, चढ-उताराचा खाली.

"हे कुणी जोडलंय?"

भावाने वाकून पॅनलच्या मागे बघितलं, मग माझ्याकडे. अशी चूक माझ्या हातून चुकून होत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? प्रमुख म्हणाले, "उद्या बघू."

आता सगळं सांगणार तो. नोकरी गेली माझी. जाऊ दे. मला पश्चात्ताप नाही.

११ मार्च

मला बोलावलंच नाही. हा सकाळीच जाऊन सांगून आला, "नळ्या मीच जोडल्या. ताईने हातही लावला नव्हता."

परवानगीशिवाय मीटरला हात लावला म्हणून त्याचं उडणं बंद. कायमचं.

मला हेच हवं होतं. खरं काय ते सांगायचं तर प्रमुख पाचपर्यंत ऑफिसात असतात. चपला घालून बसलेय मी.