पाण्याचा तक्ता

मॅनेजरसाहेब,

'आदरणीय' लिहायला हात धजावत नाही. तुमच्या वृद्धाश्रमात म्हातारी माणसं तहानलेली चालतात, पाण्याचा तक्ता कोरा चालत नाही. म्हणून आम्ही आया दिवसभर पाणी पाजल्याच्या खुणा सकाळीच करून मोकळ्या होतो, आणि तुम्ही "शाब्बास" म्हणता.

गेल्या आठवड्यात तुम्ही स्वतःच्या आईलाही इथंच आणून ठेवलंत. काल तिचे ओठ सुकून फुटले होते. "पाणी देता ना?" तुम्ही दारातूनच विचारलंत. मी तक्ता पुढे केला. खुणा माझ्याच, खोट्या. तुम्ही सही ठोकून निघालात.

मग मला माझीच लाज वाटली. मी पेला तिच्या ओठांना लावला. ती तीन पेले प्यायली आणि म्हणाली, "माझा मुलगा सगळं जातीनं बघतो हो."

हे पत्र तुम्हाला देणार नाही. यावरही न वाचता सही ठोकाल.

तुमच्या आईची आया