मेणाचं डोकं

आय, तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुझ्याशी बोलायला मला अजून धीर गोळा करावा लागतो. आज मुलगी कामावर गेलीय, घरात मी एकटाच आहे, म्हणून लिहायला बसलोय.

आपलं जुनं स्वयंपाकघर आठवतं. तू तांदळाची भाकरी थापतेयस आणि एकदम दोन्ही हातांनी डोकं धरून खाली बसतेस. तव्यावरची भाकरी करपली तरी तू उठली नाहीस, तेव्हाच मी हबकलो. माणिकपूरच्या डॉक्टरांनी मुंबईला पाठवलं. तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की मेंदूतल्या रक्तवाहिनीला फुगा आलाय, थोडा फुटलाय, पुन्हा फुटला तर हाती काही राहणार नाही. कवटी उघडून त्याला चिमटा लावता येतो, नाहीतर मांडीतल्या शिरेतून बारीक तार वर नेऊन तो आतून भरता येतो. ही दुसरी पद्धत तेव्हा नवीन होती. "हिच्यात आत्ताचा धोका कमी," ते म्हणाले, "पण आत भरलेली तार कधीकधी दबते आणि फुगा पुन्हा तयार होतो. सहा महिन्यांनी तपासणीला आणायचंच."

तू खाटेवरून एवढंच विचारलंस, "डोकं फोडनार नाय ना रे?"

"नाय आय, मांडीतून करतात. एकदा केलं की झालं."

पुढचं मी गिळलं. तू इतकी भेदरली होतीस, की वाटलं, घरी गेल्यावर सावकाश सांगू.

घरी आलीस आणि पहिल्याच रविवारी चर्चमध्ये मिस्सेची प्रार्थना झाल्यावर, बऱ्या झालेल्या अवयवाचा मेणाचा आकार वाहतात तसं, मरियामातेपुढे मेणाचं डोकं वाहून नवस फेडलास. आगाशीच्या बाजारात भाजीवाल्या बायांना डोक्यावरचा पदर सरकवून दाखवायचीस, "बगा, केस पन कापला नाय." मला म्हणालीस, "आता ह्या डोक्याचं मरियामाताच बगेल." मी हसलो. वाहिलेलं डोकं परत तपासायला कसं न्यायचं, अशी मी स्वतःची समजूत घालत राहिलो. खरं तर मीच भ्यालो होतो. फुगा पुन्हा आलाय असं कुणी म्हटलं असतं तर? सहावा महिना लागला तेव्हा तू मोगऱ्याच्या कळ्या खुडताना गुणगुणत होतीस. तपासणीची चिठ्ठी माझ्या कपाटात होती, ती मी तिथेच राहू दिली.

आठव्या महिन्यात सकाळी विहिरीपाशी पडलीस, ती पुन्हा बोलली नाहीस. मुंबईला नेलं तेव्हा त्याच डॉक्टरांनी विचारलं, "तपासणीला का नाही आणलंत?" मी म्हणालो, "ती तयारच नव्हती. नवस फेडलाय म्हणाली." तोंडातून कसं निघालं कळलं नाही. मग मावशीला तेच सांगितलं, फादरांना तेच सांगितलं, आणि गावानेही तेच धरलं. तुझ्या मातीला आलेल्या बाया हळहळत होत्या, "बिचारी, देवाच्या भरवशावर रायली." मी त्यांच्यात उभा राहून रडत होतो, आणि रडणं खोटं नव्हतं.

मागच्या आठवड्यात मुलीचं डोकं सारखं दुखतंय म्हणून तिला दाखवायला नेलं. घरात कुणाला मेंदूचा काही आजार होता का, असं डॉक्टरांनी विचारलं, आणि मी पुन्हा तीच गोष्ट सांगितली. रिक्षात बसल्यावर ती म्हणाली, "पप्पा, आजी अशी कशी वेडी? एक टेस्ट तर करायची होती." मी म्हणालो, "जुनी माणसं तशीच असतात गं." तिने स्वतःच्या तपासणीचा दिवस रिक्षातूनच फोन करून ठरवून टाकला, मला विचारलंही नाही.

तुला वेडी मी ठरवलं, आय. तू नाही म्हणाली नव्हतीस, तुला कुणी विचारलंच नव्हतं. आता माफी मागून तुझं काय परत येणार, आणि माझं तरी काय सुटणार?

कपाट हल्ली मुलगीच आवरते. म्हणून लिहून झालं की हे फाडणार आहे. तिला खरं कळलेलं मला सोसणार नाही, अजूनही.