तुझ्या ओट्यावर डुकराचं मटण

आई, आज तुझ्या ओट्यावर मी डुकराचं मटण केलं. खिडकी उघडी ठेवली, पंखा लावला, तरी वास घरभर झालाच. बाबांना आता नीट गिळता येत नाही. परवा डॉक्टर त्यांना तपासून बाहेर आले आणि चपला घालता घालता म्हणाले, "जो माँगें, खिला दीजिए." असं केव्हा सांगतात ते मला कळतं. मी बाबांना विचारलं, काय खावंसं वाटतं? त्यांनी हेच मागितलं.

बाबा नोकरीला होते तेव्हा प्लांटच्या सुट्टीच्या दिवशी ते क्वार्टरच्या मागच्या अंगणात कोळशाची शेगडी पेटवायचे. या मटणाची कढई वेगळी, झारा वेगळा, दोन्ही बाहेरच्या भिंतीला टांगलेले. तू स्वयंपाकघराच्या दाराला आतून कडी घालायचीस. "अजी, माह्या चौकटीच्या आत ते आणाचं नाही, सांगून ठेवते." आणि मग थोड्या वेळानं खिडकीच्या गजांतून तुझा हात बाहेर येतो, हातात ताटली. पत्ताकोबी, गाजर, शिमला मिरची, सगळं लांब लांब चिरलेलं. "नुसतं मास खाऊन पोट बिघडन तुमचं. हे टाका त्याच्यात." बाबा मोठ्या आचेवर परतत ओरडतात, "मीठ पाहतं का जरा?" आतून तू, "मेली तरी तोंडाले लावणार नाही!" मी शेगडीपाशी बसून हसते. तू कधी चाखलं नाहीस, पण ती भाजी दुसऱ्या कुणाला चिरूही दिली नाहीस.

आज मी घाईत केलं, कारण बाबा जागे असतात तो वेळ फार थोडा. मटणाचे पातळ काप आधी परतले, त्यांची चरबी सुटली, त्यातच आलं, लसूण, सुकी मिरची, वरून थोडा सोया सॉस. भाजी अगदी बारीक चिरली आणि झाकण ठेवून मऊ केली. तुला ती आवडली नसती. ताटली घेऊन गेले तेव्हा बाबांनी वास घेतला आणि विचारलं,

"कुठं शिजवलं?"

"आतच, बाबा. गॅसवर."

"तुह्या मायले विचारलं?"

"विचारलं. हो म्हणाली."

ते हसले. किती दिवसांनी हसले. "खोटं बोलून राहिली तू. ते हो म्हणनच नाही. बाहेर ने, तुही माय येईन तं घर डोक्यावर घेईन."

मी ताटली बाहेर नेली. अंगणात आता शेगडी नाही. भिंतीपाशी थोडा वेळ उभी राहिले आणि परत आले. "आता बाहेरून आणलं, बाबा. घ्या." त्यांनी तोंड उघडलं. घास आत गेला, आणि गालातच राहिला. चावायचा प्रयत्न केला त्यांनी, डोळे माझ्याकडे लावून, लहान मुलासारखे. मी पाणी पाजलं, पाठ चोळली, घसा चोळला. ठसका लागला तेव्हा बोट घालून घास काढून घेतला. दुसरा त्यांनी मागितला नाही, मीही पुढे केला नाही.

तुझी परवानगी मागावी म्हणून हे लिहायला बसले होते. तू एकदा हो म्हणालीस असं त्यांना खरंखरं सांगता आलं, तर कदाचित एखादा घास उतरेल, असं काहीतरी डोक्यात होतं. पण तू हो म्हणणार नाहीस. म्हणालीस तरी तो घास आता उतरणार नाही. हे कागद कुठे पाठवायचे नाहीत, कपाटात तुझ्या साड्यांखाली ठेवीन.

एकच सांगायचं राहिलं. संध्याकाळी बाबांनी तुला हाक मारली. नेहमी मी जवळ जाते आणि ती आता नाही, बाबा, म्हणून सांगते. आज स्वयंपाकघरातूनच मी ओ दिली, तुझ्या आवाजात. दारातून दिसलं, त्यांनी डोळे मिटले आणि त्यांना झोप लागली. मी ओट्याला धरून तशीच उभी राहिले, दिवासुद्धा लावला नाही.